नाजूक त्वचेवर वस्तरा चालवण्यापूर्वी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून रोज लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या, अथवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पुरुषांकडून दाढीविषयी वारंवार विचारला जाणारा प्रश्न साधारण एकाच स्वरूपाचा असतो : तीन-चार पात्यांच्या रेझरने दाढी केली की मानेवर लाल पुरळ उठते, सलूनमध्ये केली तर दोन दिवस आग होते, तेव्हा पूर्वीसारखा उघडा वस्तरा घरीच वापरल्यास हा त्रास थांबेल काय? काही जणांचा त्रास त्याने खरोखरच कमी होतो. परंतु बहुतेक जण ज्या हौसेने वस्तऱ्याकडे वळतात, म्हणजे गालावरून हात फिरवल्यावर एकही खुंट लागू नये, तिचाच हट्ट धरल्यास नाजूक त्वचेचे हाल वस्तऱ्याने अधिकच होतात. अशा त्वचेसाठी वस्तऱ्याचा उपयोग कमी कापण्यासाठी आहे, आणि पुढील सर्व सूचना हे गृहीत धरूनच दिल्या आहेत.

त्रास कोणत्या जातीचा आहे?

'संवेदनशील त्वचा' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या तक्रारी सांगितल्या जातात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. पहिली तक्रार दाढीनंतर लगेच होणाऱ्या आगीची व लालीची असते. ती बोथट पाते, अपुरा फेस, हाताचा दाब आणि एकाच जागी पुनःपुन्हा फिरवलेले पाते यांमुळे उद्भवते व बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. दुसरी तक्रार आत वाढणाऱ्या केसांची आहे : राठ किंवा कुरळा केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेला म्हणजे वाढताना त्याचे तिरपे टोक बाहेर येण्याऐवजी त्वचेतच शिरते आणि त्या जागी दुखरी पुळी येते. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केस किंचित ओढून धरते आणि तो मागे सरकण्यापूर्वी मागचे पाते त्याला आणखी खाली कापते, म्हणून हा प्रकार त्यात अधिक आढळतो. तिसरी तक्रार साबण, क्रीम अथवा आफ्टरशेव्हमधील सुगंधी द्रव्यांच्या अ‍ॅलर्जीची असते आणि तिचा पात्याशी काहीच संबंध नसतो.

वस्तऱ्याला एकच धार असल्यामुळे दुसऱ्या तक्रारीत त्याचा लाभ सर्वाधिक होतो, पहिलीत तो हात बसल्यानंतरच दिसतो आणि तिसरीत मुळीच होत नाही. ज्यांना खाज व पुरळ दाढीच्या रेषेबाहेरही, म्हणजे फेस जेथे जेथे लागला तेथे सर्वत्र उठते, त्यांनी वस्तऱ्यावर पैसे खर्चण्यापूर्वी सुगंधविरहित साबण वापरून पाहावा. दाढीत गोलाकार खाजरे चट्टे असल्यास किंवा पू धरणाऱ्या पुळ्या वरचेवर येत असल्यास तो बुरशीचा वा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे चोळल्याने बुरशी दबते, पसरते आणि नंतर ओळखायलाही कठीण होते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच पुढील निर्णय घ्यावा.

वस्तरा कोणी हाती घेऊ नये?

- रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, किंवा रक्त लवकर न थांबण्याचा विकार असलेले.
- मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणारे. या औषधाने त्वचा पातळ व कोरडी होते आणि सहज सोलवटते.
- ज्यांच्या साध्या जखमेवरही उंच, जाड व्रण उठतो असे, कारण त्यांच्या जबड्यावर व मानेवर छोटा कापही कायमची खूण ठेवू शकतो.
- मधुमेहामुळे जखम भरण्यास वेळ लागणारे, तसेच हात थरथरणारे.
- ज्यांच्या चेहऱ्यावर सध्या पू असलेल्या पुळ्या किंवा नागिणीसारखे फोड आहेत असे. यांच्यासाठी ही मनाई त्वचा बरी होईपर्यंतची आहे.

रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसनाचा मुखवटा वापरावा लागत असेल, तर त्याची कडा जेथे टेकते तेथे खुंट राहिल्यास फटीतून दूषित हवा आत येते; त्यामुळे या वाचकांना दाढीत दोन दिवसांचे अंतर ठेवण्याचा पुढील सल्ला पाळता येत नाही. अशांनी मुखवट्याच्या कडेखालचा पट्टाच रोज, तोही केसांच्या रोखाने एकदाच साफ करावा आणि त्रास टिकून राहिल्यास डोक्यावरून येणाऱ्या, पंख्याने गाळलेली हवा पुरवणाऱ्या सैल टोपाची मागणी कारखान्याच्या वैद्यकीय किंवा सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी करावी, कारण त्या साधनाला गुळगुळीत त्वचेची गरज नसते.

पत्तीचा उस्तरा की धारेचा वस्तरा?

सलूनमध्ये हल्ली दिसतो तो पत्तीचा उस्तरा. त्यात दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवतात आणि काम झाल्यावर तो टाकून देतात. धारेचा वस्तरा म्हणजे पोलादाचे अखंड पाते, ज्याची धार दर दाढीपूर्वी चामडी पट्ट्यावर घासून सरळ करावी लागते आणि काही महिन्यांनी दगडावर नव्याने लावावी लागते. पत्तीचा उस्तरा काही शे रुपयांत मिळतो, तर जर्मनी किंवा फ्रान्सच्या नामांकित कारखान्याच्या नव्या वस्तऱ्यासाठी बरेच हजार मोजावे लागतात.

स्वस्त म्हणून पत्तीचा उस्तरा नवशिक्यांना सोपा, असा समज आहे. नाजूक त्वचेच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. नवी पत्ती अतिशय तीक्ष्ण असते, उस्तरा वजनाने हलका असल्यामुळे हात नकळत दाब देतो, आणि कोन चुकल्यास पत्ती खुंटांबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडते. पट्ट्यावर नीट घासलेल्या अखंड वस्तऱ्याची धार त्या मानाने सौम्य लागते आणि पात्याचे वजनच बरेचसे काम करते. मात्र ही सौम्यता धार राखणाऱ्याची आहे, वस्तऱ्याची नव्हे. धार गेलेला महागडा वस्तरा नव्या पत्तीपेक्षा कितीतरी अधिक त्रास देतो. म्हणून निवडीचा खरा निकष पैशाचा किंवा रूपाचा नसून, दर दोन-चार महिन्यांनी धार कोण लावून देणार, हा आहे. त्याचे उत्तर हाती नसेल तर पत्तीचा उस्तरा घ्यावा, किंवा त्याहूनही सरळ म्हणजे एका दुधारी ब्लेडचा साधा सेफ्टी रेझर घ्यावा, कारण त्यालाही एका वेळी एकच धार लागते आणि अनेकांचा प्रश्न तेवढ्यानेच सुटतो. असा रेझर चालत असताना केवळ हौसेखातर पुढे जायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

खरेदी करताना

पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजली जाते. पाच अष्टमांश ते सहा अष्टमांश इंच रुंदीचे पाते नवशिक्याला सांभाळता येते. टोक गोल असलेले घ्यावे, कारण चौकोनी टोक नाकपुडीजवळ आणि कानाच्या पाळीखाली हमखास रुतते. दोन्ही बाजूंनी खोलगट तासलेले पाते पातळ व लवचीक असते, तर पाचरीसारखे भरीव पाते जड असते. या दोहोंमधले, अर्धे तासलेले पाते राठ दाढी आणि नाजूक त्वचा अशा जोडीला बरे पडते. स्टेनलेस पोलाद गंजाला अधिक टिकते, कार्बन पोलादाला धार लवकर लागते. उल्हास खोऱ्यातल्या पावसाळ्यात चार महिने हवा ओलसर राहत असल्याने निष्काळजी माणसाने स्टेनलेसच घ्यावे.

उल्हासनगरच्या बाजारपेठेविषयी 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सर्वश्रुत आहे, आणि १९४९ साली निर्वासितांच्या छावण्यांतून वसलेल्या या शहराच्या उद्यमशीलतेला त्यात दादही आहे. पण वस्तऱ्यावर कोरलेले परदेशी नाव हा तो परदेशी असल्याचा पुरावा समजू नये. 'झोलिंगेन' हे जर्मन शहराचे नाव पात्यांवर वापरण्यास जर्मनीत कायद्याचे बंधन आहे, पण ते नक्कल करणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचत नाही. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे बंधनकारक आहे. यांपैकी काहीच नसलेली वस्तू शोभेसाठी घ्यावी, चेहऱ्यासाठी नव्हे. जुना वस्तरा घेतल्यास धारेत खाच, पात्यावर खोल गंज किंवा पाठीची असमान झीज दिसताच तो परत करावा. चांगला निघाल्यास साबणपाण्याने घासून, सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच वापरावा. तो उकळू नये, कारण जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या, लाकडाच्या किंवा शिंगाच्या असू शकतात आणि उष्णतेने बिघडतात.

धार आणि पट्टा

नवा वस्तरा कारखान्यातून आला म्हणजे तो दाढीलायक असतोच असे नाही, आणि नवशिक्यांची सर्वात मोठी फसगत येथेच होते. खुंट कापले न जाता ओढले जाऊ लागले की दोष हाताचा समजून दाब वाढवला जातो, आणि त्वचा सोलवटते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला धार दगडावर लावून दिली आहे काय, हे स्पष्ट विचारावे. घरी तपासण्यासाठी हाताच्या केसांवरून, त्वचेला न टेकवता काही मिलिमीटर वरून पाते फिरवावे. केस टपटप तुटले तर धार आहे, नुसते वाकले तर नाही.

धार लावण्याचे काम क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या दगडांवर होते : सुमारे एक हजार क्रमांकाच्या दगडावर धारेचा मूळ उतार बसवतात, पुढे आठ हजार आणि बारा हजार क्रमांकांपर्यंत ती गुळगुळीत करतात. सायकलचे चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे वस्तरा कधीही देऊ नये. त्याचे खरखरीत चाक पोलाद तापवते, त्याला दिलेल्या पाण्याचा गुण घालवते आणि धारेची सरळ रेषा एका फेऱ्यात वाकडी करते. सलून चालवणाऱ्या जुन्या पिढीतील नाभिक कारागिरांपैकी काहींचा हात दगडावर आणि पट्ट्यावर बसलेला असतो, म्हणून ओळखीच्या सलूनमध्ये चौकशी करावी. तेथे सोय न झाल्यास धार लावून देणाऱ्या अनुभवी व्यक्तीकडे वस्तरा नीट बांधून कुरिअरने पाठवण्याचा मार्ग उरतो.

पट्ट्याला सामान्यतः दोन बाजू असतात. दर दाढीपूर्वी कापडी बाजूवर वीस-तीस आणि चामड्यावर चाळीस-पन्नास वेळा पाते फिरवावे. त्यात पाठ पुढे आणि धार मागे राहिली पाहिजे. टोकाशी पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटावे, धारेवर नव्हे, अन्यथा पट्टाही कापला जातो आणि धारही मुडपते. पट्टा ताणलेला असावा, दाब जवळजवळ नसावा. ही हालचाल काही दिवस बोथट सुरीवर गिरवून मग वस्तऱ्यावर करावी. दाढी झाल्यावर पाते पूर्ण कोरडे पुसून काही तास उघडे ठेवावे, पावसाळ्यात त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब फिरवावा आणि ते न्हाणीघरात ठेवू नये.

पाणी आणि फेस

फेस नीट न होण्यामागे साबणापेक्षा पाणीच अनेकदा दोषी असते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे नळाचे पाणी नदीचे असल्यामुळे अंबरनाथ व बदलापूर येथे सहसा अडचण येत नाही, परंतु नव्या गृहसंकुलांत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले गेले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून फेसाऐवजी चिकट साका तयार होतो, तो त्वचेवर बसतो आणि पाते अडखळते. यावरचा उपाय स्वस्त आहे : फेसापुरते अर्धा कप पाणी आरओ यंत्रातून गाळून घेतलेले वापरावे. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र घेऊ नये, क्षार त्यातच साठलेले असतात.

साबण किंवा क्रीम सुगंधविरहित घेऊन कानामागे थोडे लावावे आणि दोन दिवस वाट पाहून मगच चेहऱ्यावर वापरावे. डब्यातून फवाऱ्याने निघणाऱ्या तयार फेसापेक्षा ब्रशने फेटलेला दाट, ओला फेस वस्तऱ्याला अधिक मानवतो. मात्र राठ केसांचा ब्रश त्वचेवर घासून आधीच लाली आणतो, म्हणून मऊ कृत्रिम केसांचा घ्यावा.

पहिले दिवस

पहाटेची लोकल गाठायची असताना वस्तरा हाती घेऊ नये. शिकण्याच्या काळात अर्धा-पाऊण तास लागतो, आणि नुकत्याच कापलेल्या त्वचेवर गर्दीतला घाम उतरला की आग वाढते. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री झोपण्यापूर्वी दाढी करावी आणि दोन दाढ्यांत किमान दोन दिवस जाऊ द्यावेत.

1. दाढी न करताच बोटांनी चाचपून केसांचा रोख कोणत्या भागात कोणीकडे आहे, हे टिपून ठेवावे. गालावर तो बहुधा खाली असतो, पण मानेवर वर किंवा आडवाही असू शकतो.
2. कोमट पाण्याने अंघोळ करून खुंट किमान दोन-तीन मिनिटे भिजू द्यावेत आणि फेस लावून आणखी मिनिटभर थांबावे.
3. पहिले दोन-तीन आठवडे वस्तरा दोन्ही गालांपुरताच वापरून उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने करावी. त्यानंतर मान, आणि हनुवटी व ओठांवरचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा.
4. पात्याची पाठ गालापासून तिच्या जाडीच्या एकपट ते दुप्पट इतकीच उचलावी, म्हणजे कोन सुमारे पंधरा ते तीस अंशांत राहतो.
5. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच पुढे जावे. पाते धारेच्या दिशेने आडवे सरकवणे म्हणजे कापून घेणे होय.
6. केसांच्या रोखाने एकच हात फिरवावा आणि तेथे थांबावे.

सलूनच्या भाषेतला 'उलटा हात', म्हणजे केसांच्या रोखाविरुद्धचे कापणे, नाजूक त्वचेसाठी कायमचा वर्ज्य समजावा. त्वचा ताणण्याच्या बाबतीत थोडा विरोध संभवतो : सैल त्वचेवर वस्तरा चालवणे धोक्याचे असते, तर त्वचा फार ताणून कापल्यास सोडल्यावर केस आत खेचला जातो आणि पुळ्यांचा त्रास उलट वाढतो. मोकळ्या हाताने त्वचा सपाट होईल इतपतच धरावी, ओढू नये. दाढीनंतर गार पाणी, मऊ कापडाने टिपणे आणि साधे सुगंधविरहित मॉइश्चरायझर एवढे पुरे. तुरटी रक्त थांबवते, परंतु कोरड्या त्वचेला आणखी कोरडे करते. लावायचीच असल्यास अर्ध्या मिनिटात धुऊन टाकावी.

श्रावण पाळणाऱ्यांनी, तसेच उल्हासनगरात सिंधी समाजाच्या चालिहो या चाळीस दिवसांच्या व्रतात दाढी न करणाऱ्यांनी, व्रत संपल्यावर वाढलेल्या दाढीवर थेट वस्तरा लावू नये. आधी ट्रिमरने खुंटाएवढी उरवून, एक दिवस जाऊ देऊन मग कापावी.

कापले, किंवा पुळ्या आल्या तर

लहान कापावर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे आणि त्या दिवशीची दाढी तेथेच थांबवावी. कडा उघडलेला खोल काप असल्यास किंवा रक्त थांबत नसल्यास जवळच्या रुग्णालयात जावे, उल्हासनगरात शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. गंजलेल्या पात्याने कापले असल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी तेथेच विचारावे. पुळीतला केस नखाने वा सुईने उकरू नये, त्याने संसर्ग व काळे डाग दोन्ही मागे लागतात. तीन महिन्यांच्या सरावानंतरही पुळ्या तशाच असतील तर ट्रिमरने सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवणे हा उत्तम पर्याय आहे, कारण त्वचेबाहेर राहिलेला केस आत शिरत नाही.

सलूनमध्ये काय मागता येते?

टाळेबंदीनंतर २०२० च्या जूनअखेरीस राज्यातील सलून उघडली, तेव्हा केस कापण्यास परवानगी होती पण दाढीस नव्हती. घरी दाढी शिकलेले अनेक जण त्या काळातले आहेत. तरीही अधूनमधून सलूनमध्ये बसण्याची वेळ येतेच. नवी पत्ती आपल्यासमोर कागदातून काढून मोडण्यास सांगणे हा ग्राहकाचा रास्त आग्रह आहे, कारण वापरलेल्या पत्तीतून कावीळ-ब व एचआयव्हीसारखे रक्तातून पसरणारे आजार लागू शकतात. सर्वांच्या चेहऱ्यावर फिरणारा तुरटीचा एकच खडा नाकारावा, स्वतःचा ब्रश व साबण नेण्यास संकोच करू नये आणि खुर्चीत बसतानाच 'सुलटा हात पुरे' असे सांगावे. सोमवारी येथील बहुतेक सलून बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

प्रवास, कायदा आणि तक्रार

शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना, आणि त्यातही घरगुती कामाची साधने वगळलेली आहेत. त्यामुळे घरी वस्तरा बाळगण्यास परवाना लागत नाही. परंतु ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात आणि तेथे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील मनाई आदेश वेळोवेळी लागू होतात. खिशातला उघडा वस्तरा अशा काळात लोकलमध्ये नाहक चौकशी ओढवून घेतो. तो डब्यात बंद करून, दाढीच्या इतर सामानासह पिशवीच्या तळाशी ठेवावा. विमानाच्या केबिनमध्ये तो नेता येत नाही.

ऑनलाइन मागवलेला वस्तरा वर्णनाप्रमाणे नसल्यास प्रथम विक्री संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. त्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार, विक्रेता कोठलाही असला तरी, आपण राहता त्या जिल्ह्याच्या म्हणजे ठाण्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. पावती, वेष्टन आणि पार्सल उघडतानाची छायाचित्रे तोवर जपून ठेवावीत, आणि पाते दगडावर घासण्यापूर्वीच त्याचे दोष टिपून घ्यावेत, कारण नंतर विक्रेता तो दोष धार लावणाऱ्याच्या माथी मारतो.